रविवारी घरी या म्हणाले म्हणून

मयूर विहार, दिल्ली
रविवार, २२ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप सौ. विजयामावशीस,

यतीनचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. तू एकदा माझं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलं होतंस, तेव्हापासून हे पाठ आहे. साष्टांग मात्र या खेपेला नुसतं लिहिण्यापुरतं नाही. पालथं पडलं की तोंड दिसत नाही, ती सोय मला हवीच आहे.)

तुझे गुडघे कसे आहेत? ही चौकशी रीत म्हणून केलेली नाही, तिला कारण आहे, ते पुढे येईल. श्रीपादकाकांचा खोकला थंडीबरोबर गेला, का मुक्कामालाच राहिला? दिवाळीपासून तू पाठवलेली सगळी पत्रं मला पोचली. उत्तर एकाचंही दिलं नाही. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं लिहिणार होतो, पण मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस म्हणून उभा जन्म काढलेल्या बाईला सबबी सांगण्यात अर्थ नाही, आणि खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. तेच सांगायला बसलो आहे. एवढंच कर, हे पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जमणाऱ्या मंडळींत मला अजून थोडी अब्रू आहे.

मी गुडगावला नोकरी करतो हे तुला ठाऊकच आहे. ठाऊक नसेल ते असं की तिथे नोकरी करणारा प्रत्येक जण तिथून निघायच्या खटपटीत असतो. परदेशी कंपन्या आल्यापासून आमच्या वॉशिंग मशीनच्या कंपनीत ज्याला त्याला एमबीए व्हायचं आहे, जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या धवलने कॅनडातल्या एका बिझनेस स्कूलचा फॉर्म मागवला, तिकडून चुकून दोन आले, त्यातला एक मी घेतला. (महत्त्वाकांक्षा म्हणून नव्हे, जादा होता म्हणून. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय असेच झाले आहेत.) पण एकदा घेतल्यावर मलाही ते कॅनडा दिसू लागलं. फॉर्म भरून झाला, निबंध लिहून झाले, राहिलं एकच: वरिष्ठांचं शिफारसपत्र. वरिष्ठ म्हणजे आमचे तनेजासाहेब.

तनेजासाहेब माणूस वाईट नाही. ते फक्त एका जागी नसतात. त्यांच्याकडे एक मोबाइल फोन आहे, एक पेजर आहे आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत एवढंच सांगण्यासाठी नेमलेली एक सेक्रेटरी आहे. मी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं, जिन्यात गाठलं, एकदा तर हात धुताना गाठलं, आणि दर वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटून 'हो जाएगा यार, बिल्कुल हो जाएगा' असं सांगितलं. (हात धुतानाच्या वेळी खांदा ओला झाला.) एकदा म्हणाले, गाडीत बस, रस्त्यात करून टाकू. मी फॉर्म मांडीवर घेऊन बसलो. साहेब गुडगावपासून विमानतळापर्यंत फोनवर बोलत राहिले, उतरताना मला 'व्हेरी गुड' म्हणाले आणि विमानात बसून मद्रासला गेले. गाडी त्यांच्या मिसेसना आणायला गेली. मी फॉर्म छातीशी धरून विमानतळाबाहेर उभा होतो, तेव्हा बाहेर आलेल्या एका साहेबी पाहुण्याने त्यावर आपलं नाव आहे का, हे अगदी जवळ येऊन वाचून पाहिलं.

शेवटी साहेबांनी मला इथली रीत सांगितली. शिफारसपत्र साहेब लिहीत नाहीत. ज्याचं त्याने लिहून आणायचं, साहेबांनी सही करायची. धवलने स्वतःचं आधीच लिहून ठेवलं होतं आणि ते वाचून मलाच वाटलं, हा गेला तर कंपनीचं कसं होणार. मग मी लिहायला बसलो. मावशी, आपल्या घरात कुणी स्वतःला चांगलं म्हटलेलं तू कधी ऐकलं आहेस का? मी दहावीला बोर्डात आलो तेव्हा पेढे वाटताना आई प्रत्येकाला 'यंदा पेपर सोपे होते' असं सांगत होती. त्या घरात वाढलेल्या माणसाने स्वतःबद्दल 'असामान्य नेतृत्वगुण' असं लिहायचं कसं? मी लिहिलं की उमेदवार वेळेवर येतो, सांगितलेलं काम करतो आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. धवल म्हणाला, 'यार, ये रेकमेंडेशन है या चौकीदार का सर्टिफिकेट?' मग त्यानेच मला एक लिहून दिलं. त्यात मी पूर्व भारतातली विक्री दुप्पट केली होती. (पूर्वेला मी मयूर विहारच्या पुढे कधी गेलेलो नाही.) ते पत्र साहेबांच्या ब्रीफकेसमध्ये गेलं आणि तिथून कुठे गेलं हे त्यांनाही सांगता येईना. मी दुसरी प्रत दिली, तीही गेली. तेव्हा साहेब म्हणाले, 'ऐसा करो, संडे को घर आओ, आराम से बैठेंगे.'

इथे माझं चुकलं. दिल्लीत 'घर आओ' हे आपल्याकडच्या 'बरंय, येतो'सारखं आहे. ते निरोप घेताना म्हणायचं असतं, त्यावरून कुणी जात नाही. हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे माणूस सहसा बोलावत नाही, पण बोलावलं तर येणार का, जेवायला थांबणार का, हे दोनदा विचारून घेतो. त्यात साहेबांनी वारसुद्धा सांगितला होता. तेव्हा पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, बस बदलत आणि शेवटी रिक्षा करून, नवाच्या ठोक्याला त्यांच्या नव्या बंगल्यावर हजर झालो.

तू गुडगाव पाहिलेलं नाहीस. बंगल्याचं फाटक तुझ्या शाळेच्या फाटकाएवढं, समोर मोहरीचं शेत, मागे नुसता पाया खणून सोडलेला प्लॉट आणि शेजारच्या प्लॉटवर बांधलेली म्हैस. साहेब झोपले होते आणि दुपारपर्यंत उठणार नव्हते. दार त्यांच्या आईने उघडलं. त्यांना सगळे बीजी म्हणतात. पांढरी सलवार-कमीज, पांढरी ओढणी, साधारण तुझ्याएवढी उंची. त्यांनी विचारलं, 'कोई काम था, पुत्तर?' आणि मी, फॉर्म बगलेतल्या बॅगेत असताना, म्हणालो, 'नहीं जी, ऐसे ही. मिलने आया था.'

मावशी, सगळं इथे झालं. काम आहे म्हणून आलो असं म्हाताऱ्या बाईला दारात सांगायची मला लाज वाटली, आणि ती एवढीशी लाज वाचवायला गेलो तर आज ही एवढी पदरात पडली. कारण 'ऐसे ही' म्हटल्याबरोबर बीजींचा चेहरा जो काही उजळला, तो पाहून मागे फिरायची सोय राहिली नाही. त्या घरात राहायला आल्यापासून त्यांच्याकडे कुणी 'ऐसे ही' आलेलंच नव्हतं.

बीजींचं सगळं आयुष्य करोल बागेतल्या एका गल्लीत गेलं. तिथे वरच्या मजल्यावरून टोपली खाली सोडून भाजी घ्यायची, आणि कुणी खोकलं तर समोरच्या तीन घरांतून आल्याचा तुकडा यायचा. मुलाने मोठ्या हौसेने बंगला बांधला आणि आईला इथे आणलं. इथे संगमरवर आहे, बोलायला माणूस नाही. मुलगा फोनवर, सून गाडीत. शेजारी म्हणून एक म्हैस आहे, तिच्याशी सगळं बोलून झालं, असं बीजींनीच मला सांगितलं. हे सांगताना त्या माझ्या ताटात परोठे वाढत होत्या आणि परोठ्यावर लोण्याचा गोळा ठेवत होत्या. मी मराठी आहे कळल्यावर तर त्या खुर्ची ओढून समोरच बसल्या. करोल बागेत त्यांच्या खालच्या मजल्यावर कुणी शालिनी बहनजी राहत होत्या, आपल्याकडच्या. त्या एक जाडी रोटी करायच्या, मध्ये भोक असलेली. बीजींना बाळंतपणानंतर तोंडाला चव नव्हती तेव्हा शालिनी बहनजींनी तीच करून घातली होती. पुढे त्या मुलाकडे निघून गेल्या. बीजींनी बेसन घालून पाहिलं, बाजरी घालून पाहिली, पण ते काही जमलं नाही. मी म्हणालो, ते थालीपीठ, त्याला भाजणी लागते. आणि तोंडात लोणी असताना माणूस जसा उदार होतो तसा होऊन पुढे म्हणालो की आमच्या मावशीच्या हातची भाजणी सांगलीत प्रसिद्ध आहे, मी तिला पाठवायला लिहितो.

साहेब दुपारी उठले, मला पाहून क्षणभर इलेक्ट्रिशियन आला आहे असा त्यांचा चेहरा झाला, मग 'अरे, अच्छा, बैठो बैठो' म्हणाले, जेवले आणि फोन कानाला लावून गॅलरीत गेले. काम झालं नाही. म्हणून मी पुढच्या रविवारी गेलो. म्हणून त्याच्या पुढच्याही गेलो. मग ते ठरूनच गेलं. मी आलो की बीजी तयार असायच्या, सतबीर ड्रायव्हर गाडी काढायचा आणि आम्ही करोल बागेत जायचो. आधी त्यांचा जुना शिंपी, मग लोणच्याचं दुकान, मग गल्लीतल्या बाजेवर बसून सगळ्या जणींच्या तब्येतींची विचारपूस. मी पिशव्या धरायचो. बीजी माझी ओळख 'साडा मराठी पुत्तर', म्हणजे आमचा मराठी मुलगा, अशी करून द्यायच्या आणि प्रत्येक घरात मला काहीतरी गोड खायला मिळायचं. (माझे पट्टे आता शेवटच्या भोकावर आहेत.) बॅगेत फॉर्म असायचा. परत आल्यावर साहेब भेटतील या हिशेबाने मी मनातल्या मनात घाई करत असायचो, पण बीजींचेही गुडघे तुझ्यासारखेच, त्यांच्या चालीने चालावं लागायचं. घड्याळाकडे बघताना त्यांनी पाहू नये म्हणून मी ते काढून खिशात ठेवायचो आणि कुणाच्या तरी बाथरूममध्ये जाऊन बघून यायचो.

आणि दर रविवारी भाजणीचा विषय निघायचा. तुला मी लिहिलंच नव्हतं. साहेबांची सही मिळाली की हे सगळं संपणारच आहे, तर मावशीला कशाला त्रास, असा विचार. आधी सांगितलं, पार्सल निघालं आहे. मग पोस्टाचा संप झाला. मग ते मयूर विहारच्या भलत्याच फेजमध्ये गेलं. ही कारणंही संपली तेव्हा, मावशी, मी तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन केलं. मावशी अंथरुणावर आहे, उठली की भाजेल, असं सांगितलं. त्यावर बीजींनी तुझ्यासाठी मंगळवारचे उपास धरले. आपले गुडघे तसेच ठेवून त्या तुझ्या गुडघ्यांसाठी हनुमानाला नारळ फोडून आल्या आणि एक मालिशचं तेल मला तुला पाठवायला दिलं. ते तेल माझ्या कपाटात आहे. वर तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली ती या अपराधी मनाने. गुडघ्यांना खरोखरच बरं वाटत असेल तर ते कुणामुळे हे तुला कळायला हवं.

फॉर्मची मुदत संपत आली, मी आशा सोडली, आणि एका सकाळी साहेबांनी आपण होऊन मला केबिनमध्ये बोलावलं. फोन कानाला तसाच ठेवून एक पाकीट पुढे सरकवलं. 'ले भई, हो गया. पढ़ के चिपका देना.' मध्यंतरी मी दिलेली धवलच्या मसुद्याची तिसरी प्रतही हरवल्यावर साहेबांनी स्वतःच लिहायचं ठरवलं होतं, पण मी ऑफिसात नेमकं काय करतो हे त्यांना आठवेना. म्हणून त्यांनी नाश्त्याला आईला विचारलं, हा मराठी मुलगा कसा आहे, एका अर्जासाठी लिहून द्यायचंय. बीजींना वाटलं, मुलीकडच्यांनी चौकशी केली आहे. त्यांनी जे सांगितलं ते साहेबांनी गाडीत बसल्या बसल्या इंग्रजीत केलं आणि सेक्रेटरीकडून टाइप करून घेतलं. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

मी ते पत्र माझ्या टेबलावर येऊन वाचलं. उमेदवार ताटात पडेल ते खातो आणि नावं ठेवत नाही. दारू पीत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने चालतो, पुढे पळत नाही. बरोबर असताना एकदाही घड्याळाकडे बघत नाही. आणि शेवटचं वाक्य असं, की इतके महिने तो आमच्या घरी येतो आहे, पण त्याने कधी कुणाकडे काही मागितलं नाही. तो नुसता भेटायला येतो.

धवल हसून हसून खुर्चीत आडवा झाला. म्हणाला, कॅनडावाले तुला मुलगी देतील. मीही हसलो. मग बाहेर जिन्यात जाऊन जरा वेळ उभा राहिलो, कारण मला हसू येत नव्हतं. मावशी, मला फार लाज वाटली, आणि ती पत्रात खोटं आहे याची नव्हे. खोटं तर धवलच्या मसुद्यातही होतं, पूर्व भारतभर होतं, त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी पुढच्या रविवारी गेलो नाही. पत्र मिळालं होतं, काम संपलं होतं, त्या दिवशी मी बारापर्यंत झोपलो. त्याच्या पुढच्याही रविवारी गेलो नाही. परवा सतबीर ड्रायव्हर आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर स्टीलचा डबा घेऊन उभा. सगळ्यांच्या देखत त्याने मला तो दिला. आत पिन्न्या होत्या, म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाची पंजाबी बहीण. निरोप असा होता: तब्येत ठीक आहे ना? आणि भाजणी आली नाही म्हणून संकोच करून येत नसशील तर तसं करू नकोस, भाजणी राहू दे, तू ये.

म्हणजे माझ्या न येण्याचंही कारण त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं शोधून काढलं. डबा मी अजून परत केलेला नाही. रिकामा डबा परत देऊ नये असं तूच सांगत असतेस, आणि घालायला माझ्याकडे काही नाही.

असो. पत्र फार लांबलं. आज रविवार आहे आणि मी घरातच बसून आहे. काकांना नमस्कार, आणि तू सांभाळून राहा.

तुझा,
यतीन

ता. क. एक छोटंसं काम होतं. त्या फॉर्मला दोन शिफारसपत्रं लागतात. दुसरं शिक्षणक्षेत्रातल्या प्रतिष्ठित व्यक्तीचं हवं. एका मे महिन्यात मी तुझ्या शाळेच्या मुलींना गणित शिकवलं होतं, तेवढ्यावर तू लिहू शकतेस. लिहायचेही कष्ट नकोत, मसुदा सोबत जोडला आहे, फक्त शाळेच्या कागदावर उतरवून सही कर. नातेवाइकाचं पत्र चालत नाही, तेव्हा सहीपुरती तू माझी मावशी नाहीस. मुदत जवळ आली आहे, म्हणून उलट टपाली पाठव.

ता. क. २. घरात तिकीट नव्हतं म्हणून पाकीट उघडंच राहिलं आणि मी सगळं पुन्हा वाचलं. वरची ता. क. खोडणार होतो, पण तुला खाडाखोड चालत नाही. दिवाळीपासून तुझ्या एकाही पत्राला उत्तर न देणारा मी आज एवढं सात पानी का लिहीत होतो, हे तू पहिल्याच पानावर ओळखलं असशील. मी मात्र ता. क. लिहून झाल्यावर ओळखलं. मसुदा फाडून टाकला आहे, तो पाकिटात शोधू नकोस. साहेबांचं पत्रही मी पाठवत नाही. त्यातलं एखादं वाक्य खरं झालं की पुढच्या वर्षी बघू. तू मला भाजणी पाठव. पार्सलवर जरा जुनी तारीख पडेल असं काही पोस्टात करता येत असेल तर बघ. नको, राहू दे.

ता. क. ३. (सोमवार, ऑफिसातून.) येत्या रविवारी मी बीजींकडे जातो आहे. साहेब त्या दिवशी सिंगापूरला असणार, याची मी सेक्रेटरीकडे चौकशी करून खात्री केली आहे. डब्यात काय घालायचं ते सुचलेलं नाही, बहुतेक आपला शिरा करून बघेन. भाजणी मागाहून आली तरी चालेल, कृती मात्र लगेच लिही, आणि थालीपिठाला मध्ये भोक का पाडतात तेही लिही. बीजी विचारतातच, आणि मी दर वेळी वेगळं कारण सांगत आलो आहे. त्यांनी दारात पुन्हा 'कोई काम था, पुत्तर?' असं विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र तुलाही सांगता येणार नाही. 'ऐसे ही' हे उत्तर मी एकदा वापरून खराब करून ठेवलं आहे.